आधी तुम्ही बोट ठेवा

न बोलणाऱ्या मुलापुढे चित्रांचा तक्ता आला, की मोठी माणसं लगेच परीक्षा घेतात : ‘पाणी दाखव बघू!’ इथंच गाडी अडते. बोलणारं बाळसुद्धा वर्षभर ऐकतं, मग पहिला शब्द उच्चारतं. चित्रांची भाषाही आधी कुणीतरी वापरताना दिसावी लागते. म्हणून भात वाढणाऱ्यानंच तक्त्यातल्या ‘अजून’वर बोट ठेवायचं, ‘अजून हवा?’ विचारायचं आणि थांबायचं. उत्तराची सक्ती नाही. तक्त्यात शब्दही रोजचे हवेत : ‘अजून’, ‘नको’, ‘संपलं’ दिवसभर कामी येतात, ‘हत्ती’ क्वचितच. तक्त्यानं बोलणं खुंटतं, ही भीती अनाठायी आहे. २००६च्या एका संशोधन-आढाव्यात, चित्रं किंवा खुणांनी संवाद शिकवलेल्या आणि भरवशाची नोंद असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच. असा चित्रांचा तक्ता देणारं, आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे.