मुशीतून वाचलेला रुपया

चांदीचा भाव चढला की जुन्या रुपयांवर संक्रांत येते. लक्ष्मीपूजनाच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले राणीछाप सराफाच्या तराजूत पडतात, तिथून मुशीत जातात आणि त्यांची लगड होते. लखनऊच्या चौकात हा प्रवास हाकेच्या अंतरावर संपतो. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधली ही जुनी पेठ चिकनकारीची, अत्तराची, चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांची आणि सराफांची. इथल्या भट्ट्यांवर मराठीही ऐकू येते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली गलाई कुटुंबे देशभरच्या सराफ्यांत पसरली, तशी ती इथेही आली. मोड गाळायची, तेजाबाने शुद्ध करायची, टंच काढायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हाताखाली धातू खरा होतो, पण नाण्यावरचा मजकूर कायमचा जातो. जुन्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह करणे म्हणजे हा मजकूर वाचवणे, असे मला वाटते.

म्हणून संग्रहाची सुरुवात वजनाने नव्हे, विषयाने करावी. दिसेल ते घेत गेले की डबा भरतो, संग्रह होत नाही. एक टांकसाळ, एक घराणे किंवा एक कालखंड धरला की प्रत्येक नाण्याला शेजार मिळतो. चौकात उभे राहून विषय निवडायचा तर अवधच्या रुपयाइतका सुरेख विषय नाही.

त्याची कथा मच्छीदार रुपयापासून सुरू होते. मासा हे अवधच्या नवाबांचे चिन्ह. १७७५ मध्ये बनारस ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, तरी लखनऊच्या टांकसाळीत ‘मुहम्मदाबाद बनारस’ हेच नाव घालून रुपये पडत राहिले. नाव मुघल बादशहा शाह आलमचे, आणि राज्यवर्ष कायमचे २६. हिजरी साल पुढे सरकत होते, राज्यवर्ष मात्र जागचे हलत नव्हते. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याचे सव्विसावे वर्ष लखनऊच्या रुपयावर संपले नाही. कंपनीच्या बनारस टांकसाळीतल्या रुपयावरही मासा आहे, पण तिथे गोठवलेले वर्ष १७. नवख्या संग्राहकाने भिंगाखाली आधी हा आकडा शोधावा. टांकसाळीचे नाव एकच असले तरी रुपया लखनऊचा की कंपनीचा, हे त्यावरून कळते.

१८१९ मध्ये अवधचा नवाब गाजीउद्दीन हैदर याने, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या प्रोत्साहनाने, स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. त्यासरशी रुपयाचे रूप पालटले. शाह आलमचे नाव गेले. समोरासमोर दोन मासे, वर मुकुट आणि दोन्ही बाजूंना निशाण धरलेले वाघ आले. युरोपीय राजचिन्हाची मांडणी आणि फारसी अक्षरे एकाच ठशात बसली. पुढे नसीरुद्दीन हैदर, मुहम्मद अली शाह, अमजद अली शाह आणि वाजिद अली शाह गादीवर आले, आणि राजागणिक चिन्ह बदलत गेले. वाजिद अलीच्या रुपयावर मत्स्यकन्या आहेत. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने राज्य खालसा केले. म्हणजे पाच राजे, ३७ वर्षे आणि रुपयापासून त्याच्या सोळाव्या हिश्श्यापर्यंतची चांदीची नाणी. बेताच्या ऐपतीच्या माणसालाही हा पल्ला सावकाश गाठता येतो.

त्याला एक शेपूट आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत बोलके. १८५७ च्या बंडात लखनऊत वाजिद अलीचा मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवले, तेव्हा पडलेल्या रुपयांवर जुन्या मच्छीदाराचाच साचा होता: शाह आलमचे नाव, हिजरी १२२९ आणि वर्ष २६. टांकसाळीच्या नावात मात्र बनारसऐवजी ‘सूबा अवध’ आले. बंडवाल्यांनी नवा ठसा घडवला नाही, लोकांचा विश्वास असलेला जुनाच उचलला. चलनाची पत कशावर उभी असते, याचा याहून चांगला धडा शोधून सापडायचा नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. मराठ्यांच्या अनेक टांकसाळींतही शाह आलमच्याच नावाने रुपये पडत. झाशीच्या रुपयावर टांकसाळीचे नाव ‘बळवंतनगर’ असे येते. चांदवडी आणि अंकुशी रुपये आपल्याकडे परिचयाचे. एक लखनवी आणि एक बळवंतनगरी रुपया शेजारी ठेवला, तर अठराव्या शतकाच्या अखेरचे राजकारण तळहातावर मावते.

आता पारख. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा झाला. चांदी बारा भागांत अकरा. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. धनत्रयोदशीला बाजारात राणीचे चित्र असलेली नवी नाणीही येतात, तेव्हा वाजवून घेण्यावर थांबू नये. घरी एक कसोटी सहज करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्याने, तळाला वा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवावा. अस्सल कंपनी रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो. जस्त-पितळेचा असेल तर आकडा बराच चढतो. मग भिंगाखाली कड पाहावी: ओतीव नकलेत अक्षरे साबणासारखी गुळगुळीत असतात आणि कडेला सांध्याची रेघ घासलेली दिसते. सराफांनी पारखताना मारलेले ठोके मात्र दोष मानू नयेत. ते नाणे बाजारात फिरल्याचे दाखले आहेत.

नाणे चिंच-राखेने घासू नये. काळसर थर गेला की वयही जाते. प्रत्येकाला कागदी पाकीट द्यावे आणि त्यावर वजन, साल, कुठून घेतले ते लिहावे. जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी नेता येत नाही.

अभ्यासाला आधार भरपूर आहे. लखनऊच्या कॅनिंग कॉलेजातले सी. जे. ब्राउन यांनी १९१२ मध्ये अवधच्या राजांच्या नाण्यांवर लिहिले, आणि तिथल्या प्रांतिक संग्रहालयातल्या मुघल नाण्यांची सूची १९२० मध्ये दिली. ते संग्रहालय आज बनारसी बागेत आहे. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय.

गलाईवाल्याशी आपले भांडण नाही; त्याच्या हातात येते ते लोकांनी मोडीत काढलेले. मोडीत काढण्याआधी रुपया एकदा भिंगाखाली धरणे आपल्या हातात आहे. चांदी पुन्हा मिळेल, पण त्या ठशाचा दुसरा रुपया मिळेलच असे नाही. या दिवाळीत पूजेचा डबा उघडाल तेव्हा प्रत्येक नाण्याचे साल आणि टांकसाळ वहीत उतरवा. संग्रहाचे पहिले पान तेच.