दृष्टिबाधितांसाठी सुगम्यता

दृष्टिबाधितांसाठी सुगम्यता म्हणजे अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना माहिती, प्रवास, आर्थिक व्यवहार आणि सार्वजनिक सेवा यांचा वापर स्वतंत्रपणे व सुरक्षितपणे करता येईल अशी व्यवस्था होय. सोय उपलब्ध असणे एवढ्याने सुगम्यता सिद्ध होत नाही. त्या सोयीमुळे मूळ काम दुसऱ्यावर विसंबून न राहता पूर्ण होते का, हा तिचा खरा निकष आहे.

अंधत्व आणि अल्पदृष्टी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, चष्मा वा अन्य उपायांनी शक्य तितकी सुधारणा करूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास ते अंधत्व ठरते. सामान्य दृष्टीस ६० मीटरवरून ओळखू येणारे अक्षर ३ मीटरवरूनही न ओळखता येणे, असा ३/६० पेक्षा कमी दृष्टीचा अर्थ आहे. ६/१८ ते ३/६० या मर्यादेतील दृष्टीस अल्पदृष्टी म्हणतात. दोन्ही गटांच्या गरजा भिन्न असतात. अल्पदृष्टी व्यक्तीस मोठा टंक, ठळक रंगभेद व पुरेसा प्रकाश उपयोगी पडतो. ब्रेलचा उपयोग ती शिकलेल्यांनाच होतो. उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नसते.

मराठी वाचन

मराठीसाठी भारती ब्रेल वापरली जाते. तिच्यात ऱ्हस्व इकार उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर येतो, तर हलन्ताचे चिन्ह व्यंजनाआधी लिहितात. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले.

संगणकावर व मोबाइलवर स्क्रीनवाचक प्रणाली पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते. युनिकोडमधील मराठी ती वाचू शकते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसला तरी त्यामागील संकेतांक रोमन अक्षरांचे असतात. त्यामुळे निरर्थक अक्षरे ऐकू येतात. छायाचित्ररूपातील पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात. असे परिपत्रक संकेतस्थळावर असूनही दृष्टिबाधित वाचकासाठी अनुपलब्धच राहते.

दैनंदिन व्यवहार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सुगम्यतेची कसोटी बाजार, बँक, तहसील कार्यालय व एसटी स्थानकात लागते. एसटीच्या भाडेसवलतीमुळे दिव्यांग प्रवाशाचा खर्च कमी होतो. मात्र फलाटाला लागलेली गाडी कोणत्या गावाची, हे कळण्यासाठी स्पष्ट उद्घोषणा लागते. ती नसल्यास प्रत्येक वेळी शेजारच्या प्रवाशाला विचारावे लागते.

नोटांच्या बाबतीतही हेच दिसते. सध्याच्या मालिकेतील १००, २०० व ५०० रुपयांच्या नोटांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिलिमीटर असून रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे. ४ मिलिमीटरचा फरक गर्दीच्या बाजारात हाताने ओळखणे कठीण जाते. कडेच्या उठावदार रेघा १०० व २०० च्या नोटांवर प्रत्येकी चार (२०० च्या नोटेवर जोडीला दोन वर्तुळे) आणि ५०० च्या नोटेवर पाच असतात. वापराने त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले ‘मनी’ हे ॲप इंटरनेटशिवाय नोटेचे मूल्य बोलून सांगते. अर्थात त्यासाठी स्मार्टफोन हाती असावा लागतो.

कायदेशीर स्थिती

२०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बँक खाते वा सिमकार्डासाठीच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ही अट अनेक अंध व्यक्ती आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांना पूर्ण करता येत नाही. यासंबंधीच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगम उपलब्धता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि पर्यायी पडताळणीबाबत निर्देश दिले. सुगम्यता ही सवलत नसून हक्क आहे, हे या निकालाने अधोरेखित केले.