फळीवरचे शेजारी

व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मोठ्या ग्रंथालयात हायडा लोकांवरची पुस्तके शोधत होतो. वर्गांक मिळाला, ई 99. 'ई' म्हणजे अमेरिकेचा इतिहास, आणि 99 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या आदिवासी जमाती रोमन आद्याक्षरांप्रमाणे लावलेल्या. पॅसिफिकमधल्या पावसाळी बेटांवरच्या हायडांपासून ॲरिझोनाच्या वाळवंटातले होपी थोड्याच अंतरावर, कारण दोघांचेही आद्याक्षर 'एच'. हायडांचे खरे शेजारी त्सिम्शियन मात्र 'टी'मध्ये, कितीतरी फळ्या पलीकडे. याच आवारात ही मांडणी बाजूला ठेवणारे एक ग्रंथालय आहे असे कळले, म्हणून तिकडे गेलो.

ते ह्वेइह्वा ग्रंथालय आणि शेजारचे फर्स्ट नेशन्स, म्हणजे इथल्या आदिवासी समाजांचे, लाँगहाउस, दोन्ही 1993 मध्ये उघडली. लाँगहाउसमध्ये सीडरच्या प्रचंड लाकडांचा वास दरवाजातच गाठतो. ग्रंथालयाची इमारत गोल, अर्धी जमिनीत उतरलेली. आतल्या डोंगराळ मुलखातल्या सेलिश लोकांच्या हिवाळी घरांवर बेतलेली. आणि ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे ती मस्क्वियम लोकांची. कोणत्याही कराराने त्यांनी ती देऊन टाकलेली नाही.

वर्गीकरण करणाऱ्या बाईंच्या टेबलाशी मी बराच वेळ बसलो. नवे पुस्तक येते, नोंद होते, शिक्का बसतो. दुसरीकडच्या ग्रंथालयांनी केलेली तयार तालिका-नोंद संगणकावर मिळते आणि तिच्यात ई 99 बहुधा आधीच लिहिलेला असतो. इथून पुढे त्यांचे खरे काम. पुस्तक उघडून त्या पाहतात: हे लोक स्वतःला काय म्हणवतात, कोणत्या नदीवर राहतात, शेजारी कोण. मग नकाशा. मग वर्गांक.

ही पद्धत काहनावाके इथले मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डियर यांची. 1970 च्या दशकात ओटावातल्या नॅशनल इंडियन ब्रदरहुड या आदिवासींच्या संघटनेच्या ग्रंथसंग्रहासाठी त्यांनी ती तयार केली. ब्रिटिश कोलंबियातल्या लोकांसाठी ती जुळवून घेण्यात इथल्या पहिल्या ग्रंथपाल जीन जोसेफ यांचा वाटा मोठा. जे लोक भूमीवर शेजारी, त्यांची पुस्तके फळीवरही शेजारी, हे तिचे मुख्य सूत्र.

बाईंनी मस्क्वियम लोकांच्या मासेमारी हक्कांवरचे एक पुस्तक पुढे केले. त्यांच्यातल्या रोनाल्ड स्पॅरो यांच्या खटल्यात 1990 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला, आणि आजही न्यायालयांत त्या निकालाचा आधार घेतला जातो.

"हे लोक ई 99 मध्ये, इतिहासात?" त्या म्हणाल्या. "ते तर इथे जवळच राहतात. आजही मासे धरतात."

मला गडचिरोली आठवली. गोंडांचा मुलूख महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात विभागलेला. त्यांच्यावरची पुस्तके राज्याराज्यांच्या खाली विखुरली तर सीमेपलीकडच्या गोंडीभाषकाशी त्यांचे नाते वाचकाला कुठे दिसणार? कुणीतरी हे काम आपल्याकडेही हातात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

काम मात्र वेळखाऊ आहे. जे आयते मिळते ते तपासून पुन्हा करायचे, एकेक पुस्तक घेऊन, आणि तेही मोजक्या माणसांनी. खर्चाच्या नजरेने पाहणाऱ्याला हे दुप्पट काम वाटेल. मला ते दुप्पट वाटत नाही. पहिल्यांदा जे झाले ते धड वर्गीकरण नव्हतेच.

मी निघालो तेव्हा त्यांच्यापुढे फ्रेझर नदीवरचे एक पुस्तक होते. एकाच काठावर दोन समाजांचा वहिवाटीचा दावा, आणि वर्गांक एकच देता येतो. विषयनोंदीत त्यांनी दोघांचीही नावे, ते स्वतः लिहितात त्या अक्षरांत, घातली. फळीचे काय करायचे ते दोन्हीकडच्या माणसांशी बोलून ठरणार होते, म्हणून वर्गांकाची जागा त्यांनी रिकामी ठेवली.