यंत्राची उलटतपासणी करा!

गोंदिया शहराजवळच्या मुर्री गावातील विहारात गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो. बुद्धवंदना आटोपली तरी पोरे पांगली नाहीत. मोबाईल घेऊन भिंतीला टेकून बसली. आम्हास वाटले, रील पाहत असतील. जवळ जाऊन पाहतो तो, भरतीची तयारी करणारा एक मुलगा मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारत होता, "पुणे करारात अस्पृश्यांना किती जागा मिळाल्या?" यंत्राने क्षणात सांगितले, १४८.

उत्तर बरोबर होते. मग त्याने कारणे विचारली, न कळलेला भाग सोपा करून मागितला, पुन्हा विचारला. यंत्र थकले नाही, चिडले नाही. मुख्य म्हणजे त्याने आडनाव विचारले नाही! प्रश्न विचारला की आधी आडनाव आठवणारे गुरुजी आमच्या पिढीने भोगले आहेत. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या आईच्या मुलाला कोचिंग क्लासची फी कुठून परवडणार? त्याच्या हाती हा बिनपगारी शिक्षक येत असेल तर त्याला नाके मुरडणारे आम्ही कोण?

पण पुढे गंमत झाली. त्याच यंत्राने पुणे करारावर बाबासाहेबांचे म्हणून एक झोकदार वाक्य दिले. मुलाने ते वहीत उतरवूनही घेतले. आम्ही विचारले, "कोणत्या ग्रंथात आहे रे?" यंत्राने खंड सांगितला, पानही सांगितले. विहाराच्या कपाटात शासनाने छापलेला नववा खंड होता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा बाबासाहेबांनी मांडलेला तो हिशेब. पान उघडले. वाक्य नव्हते! यंत्राला सांगितले तर त्याने नम्रपणे माफी मागितली आणि दुसरे पान सांगितले. तिथेही नव्हते.

वकिलांना याचे नवल नाही. ही यंत्रे शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अदमास बांधून लिहितात. त्यांना खरे-खोटे कळतेच असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच यंत्राने दिलेले निवाडे दाखल केले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. तिथे दंडावर भागले. आमच्या पोराने परीक्षेत किंवा भाषणात बाबासाहेबांच्या तोंडी खोटे वाक्य घातले, तर विरोधकांना आयते कोलीत मिळते. बाबासाहेबांच्या नावावर काहीही खपविणारे आधीच काय कमी आहेत?

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. यंत्र शिकते ते उपलब्ध मजकुरावर, आणि त्यात इंग्रजीचा भरणा फार. आमचे जलसे, आमची पत्रके, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी त्यात किती असणार? १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. त्या प्रचारात पायपीट केलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी कोणत्या संगणकात आहेत? जे आम्ही लिहून ठेवले नाही, ते यंत्र प्रस्थापितांच्या तोंडून सांगणार. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंड निघू लागले म्हणून तर आज तपासायला काही हाती आहे!

बाबासाहेब स्वतःच्या बळावर कसे शिकले? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी मूळ कागद वाचले, आणि त्या कष्टातून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुरा झाला. कुणाच्या तयार उत्तरावर ते विसंबले नाहीत. तथागतांनीही केसपुत्ताच्या कालामांना, सांगणारा मोठा आहे एवढ्यासाठी मानू नका, असेच बजावले. मोबाईल हा काही तथागतांपेक्षा मोठा नाही.

म्हणून यंत्र टाकू नका, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करा. आधी स्वतः उत्तर लिहा, मग यंत्राला चुका काढायला सांगा. विरुद्ध पक्षाची बाजू त्याच्याकडून मांडून घ्या आणि तिला उत्तर द्या. सन, आकडा, निवाडा आणि अवतरण मात्र मूळ ग्रंथात पाहिल्याशिवाय वहीत घेऊ नका. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो भावाच्या खिशात असतो, तिथल्या मुलीसाठी विहारात वेळ ठरवून द्या.

मुर्रीच्या त्या मुलाने वहीतले वाक्य खोडले आणि खंडातला कराराचा मूळ मसुदा शोधून वाचायला घेतला. इंग्रजी अडले की तेवढा शब्द यंत्राला विचारत होता. आम्ही निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि विहाराची किल्ली त्याच्याकडेच ठेवून आलो.