संगणकाची 'फायरवॉल' सुरू न झाल्यास
संगणक जाळ्यास जोडलेला असता बाहेरून येणाऱ्या अनाहूत संपर्कास अडविण्याचे काम 'फायरवॉल' करते. २००४ पासून विंडोज प्रणालीत ती मुळातच चालू ठेवलेली असते. कधीकधी मात्र ती सुरूच होत नाही आणि पडद्यावर '१०६८' हा त्रुटी-क्रमांक उमटतो. दोष फायरवॉलचा आहे असा समज अशा वेळी सहज होतो. वस्तुतः ती ज्या सेवेवर विसंबून आहे ती सेवा बंद आहे, एवढाच या क्रमांकाचा अर्थ. ही सेवा बहुधा 'बेस फिल्टरिंग इंजिन' असते. 'सर्व्हिसेस'च्या यादीत ती शोधून प्रथम चालू करावी, मगच फायरवॉलकडे वळावे. 'तूर्त काम तर चालले आहे' म्हणून फायरवॉल बंदच राहू देणे म्हणजे दप्तरखान्याचे दार सताड उघडे टाकणे होय.

ही सेवा यादीतच नसेल, तर प्रकरण गंभीर समजावे. २०१२ च्या सुमारास फैलावलेल्या 'झिरोअ‍ॅक्सेस' या घातक आज्ञावलीने अनेक संगणकांतून नेमकी हीच सेवा पुसून टाकली होती. असा संगणक तत्काळ जाळ्यापासून तोडावा, त्याची विषाणू-तपासणी करून घ्यावी आणि तोवर दाखल्यांचे व करवसुलीचे काम दुसऱ्या यंत्रावर करावे.