लाकडाचा परवाना आणि गावचा शब्द

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी या गावाने कुऱ्हाडबंदी केली, ती कोणा अंमलदाराच्या हुकुमाने नव्हे. 1975 साली श्री. अण्णा हजारे लष्करी नोकरी सोडून परतले, तेव्हा या अवर्षणग्रस्त गावाची दशा अशी होती की, यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा दारूच्या भट्ट्यांखाली जळाले असे सांगतात. त्याच गावाने पुढे श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी आणि कुटुंबनियोजन यांच्या जोडीने कुऱ्हाडबंदी पत्करली, आणि हीच सूत्रे 1992 सालच्या आदर्श गाव योजनेत सरकारने उचलली. ज्या गावाला झाड राखता येते, त्याला झाडाचा हिशेब ठेवता येणार नाही काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

शेतकऱ्याने आपल्या बांधावर साग लावला, वीस-पंचवीस वर्षे पोसला आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तो विकावयास काढला, म्हणजे त्यास दोन दारी उभे राहावे लागते. पहिले दार तोडीचे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर यांबरोबर आंबा, चिंच व जांभूळ हीही झाडे आहेत, आणि ती आपल्याच जमिनीत असली तरी लेखी परवानगीवाचून पाडता येत नाहीत. दुसरे दार रस्त्याचे. लाकूड कोणत्या मार्गाने न्यावे, कोणत्या नाक्यावर दाखवावे, पासासाठी काय फी भरावी, हे ठरविण्याचा अधिकार 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 41 व्या कलमाने सरकारास दिला आहे. 1930 साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून ज्या कायद्याचा भंग केला तोच हा कायदा. राज्यकर्ते बदलले, कलम कायम राहिले.

आता खर्चाची गोष्ट. शेतकऱ्यास फीपेक्षा हेलपाटे महाग पडतात. सात-बाराचा उतारा, पाहणी, मोजणी, लाकडावर हातोड्याचा शिक्का, मग पास. प्रत्येक पायरीस एक दिवसाची मजुरी बुडते. ज्याची दोन-चार झाडे, त्याला हा व्याप झेपत नाही. तो उभे झाडच ठेकेदारास देतो, आणि ठेकेदार आपली धावपळ भावातून कापून घेतो. आमचे व्यापारी वाचकही यांत सुखी नाहीत. नाक्यावर एका कागदासाठी मालमोटार रात्रभर उभी राहिली की त्या भाड्याचा बोजा अखेर गिऱ्हाइकावरच पडतो. अशा रीतीने जो झाड लावतो तोच नाडला जातो, आणि दुसऱ्या खेपेस तो सागाऐवजी काहीही लावील.

पास अगदीच नको, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. तो नसेल तर राखीव जंगलातला चोरटा साग शेतातला म्हणून खुशाल वखारीत जाईल. सरकारानेही काही गाठी सैल केल्या आहेत. 2017 साली जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला. 29 डिसेंबर 2023 रोजी सर्व देशासाठी संगणकावरील एकच पास-पद्धती सुरू झाली. परंतु झाड खरोखर कोणाच्या बांधावरचे होते, हे संगणक सांगू शकत नाही. ते शेजारी सांगू शकतो.

येथेच गडचिरोलीकडे पाहावे. मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गाव स्वतः पास देऊ लागले. तो कायदा गौण वनोपजाचा आहे, इमारती लाकडाचा नव्हे, आणि राळेगणसिद्धीचे शिवार म्हणजे जंगल नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जंगलातल्या बांबूच्या बाबतीत गावावर टाकलेला विश्वास शेतातल्या सागाच्या बाबतीत का टाकता येऊ नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

ग्रामसभा पुढाऱ्यांच्या व ठेकेदारांच्या मुठीत जाईल, असा आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाही. म्हणून ज्या गावांनी कुऱ्हाडबंदी प्रत्यक्ष पाळून दाखविली आहे, तेवढ्यांनाच प्रथम हा अधिकार द्यावा. झाडांची नोंदवही चावडीवर उघडी असावी, दाखला भर सभेत द्यावा, आणि वनखात्याने वर्षातून एकदा ती वही शिवारात उभे राहून ताडून पाहावी. विधिमंडळाने 1964 च्या कायद्यात एवढी दुरुस्ती करावी, आणि पहिली वही पारनेर तालुक्यात उघडावी.