जुना गिअरबॉक्स, नवा आवाज

आज आपण गाडीच्या आवाजाबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. ऐकलं तर पैसे वाचतील.

आमच्या गटातल्या चौघींनी मिळून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, म्हणून आमच्यातल्या दोघी लवकर शिकल्या. बँकेचं काम असो, वसमतचा मोंढा असो, की रात्री कुणाला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं असो, घरच्या माणसांची वाट पाहावी लागत नव्हती. ऐन हळद शिजवायच्या दिवसांत गाडी बंद पडली. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स गेला. नवा परवडणारा नव्हता. गटाच्या अंतर्गत कर्जातून जुना बसवला. गाडी चालू लागली, पण दोन आवाज घेऊनच आली. उभी असताना कुईं-कुईं, आणि ‘डी’वर टाकली की धाडकन. परत गेलो तर उत्तर मिळालं, “हाही बॉक्स खराब निघाला. दुसरा पाहू, पण मजुरी पुन्हा लागेल.”

घरी टोमणे सुरू झाले, “बायकांनी गाडी घेतली की असंच होणार.” पण पैसेच नव्हते, म्हणून आम्ही थांबलो. मग दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवलं. त्यानं बॉक्स न काढताच दोन्ही आवाजांचं कारण शोधलं. त्यानं आधी एकच विचारलं, “आवाज कधी येतो?”

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विहिरीतलं पाणी खाली गेलं आणि मोटर हवा ओढू लागली, की तिचा सूर बदलतो. तो आपण घरातून ओळखतो. गाडीचंही तसंच.

गाडी उभी असताना आवाज येत असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर दोष बहुतेक बॉक्सच्या पुढच्या भागात असतो. तिथे ऑइल ढकलणारा पंप आणि कन्व्हर्टर असतो. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि कुईं-कुईं करतो. आमचं हेच होतं. बॉक्स बदलल्यावर गाडी सुरू केली, की ऑइल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत भरतं, आणि पातळी खाली येते. त्यामुळे गाडी तापल्यावर, कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं ती पुन्हा बघावी लागते. पहिल्या ठिकाणी ती बघितलीच नव्हती.

उभ्या गाडीत खट-खट येत असेल, तर इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पत्र्याची चकती तडकलेली किंवा तिचे बोल्ट ढिले असू शकतात. कन्व्हर्टर पंपात पूर्ण न बसवता बोल्ट आवळले, तर पंपच फुटतो. असा आवाज आला तर गाडी चालवू नका.

गिअर टाकतानाच धाडकन होत असेल, तर आधी माउंटिंग बघायला सांगा. इंजिन आणि बॉक्स ज्या रबराच्या आधारावर बसतात, ते माउंटिंग. ते फाटलं, की ताकद येताच सगळं उचलून आपटतं. आमचं एक माउंटिंग फाटलेलं होतं. जुनंच परत लावलं होतं.

गाडी पळतानाच घूं-घूं येत असेल आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाचं बेअरिंग, एक्सल किंवा बॉक्सच्या आतलं बेअरिंग तपासावं लागतं. पूर्ण वळण घेताना कट-कट आली तर संशय एक्सलच्या जोडावर. ही तपासणी मिस्त्रीकडूनच, गाडी नीट वर घेऊन. जॅकवरच्या गाडीखाली आपण शिरायचं नाही.

ठराविक एकाच गिअरला आवाज येत असेल, किंवा ऑइलमध्ये धातूचा कीस निघत असेल, तेव्हा मात्र बॉक्सच्या आतच बिघाड असण्याची शक्यता मोठी.

आता ऑइलबद्दल. ऑटोमॅटिक म्हटलं तरी सगळे बॉक्स एक नसतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आलेला एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्यात क्लच प्लेट असते, फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात. आमच्या गाडीत कन्व्हर्टरवाला आहे. तिन्हींचं ऑइल वेगळं. चुकीचं ऑइल चांगल्या बॉक्सचीही वाट लावतं.

म्हणून जुना बॉक्स बसवायच्या आधी मिस्त्रीला एवढं विचारा:

१. बॉक्सवरचा नंबर आमच्या गाडीच्या बॉक्सशी जुळतो का? नुसता दिसायला सारखा चालत नाही.

२. जुन्या बॉक्सचा कीस कूलरमध्ये अडकलेला असतो. कूलर आणि नळ्या धुणार का?

३. पुढचं सील आणि माउंटिंग बघणार का? बॉक्स उतरलेला असताना हे काम स्वस्तात होतं.

४. ऑइल कोणतं, किती लिटर? गाडी तापल्यावर पातळी बघणार का?

५. पक्कं बिल आणि हमी लिहून देणार का? हमीत मजुरी धरलेली आहे का?

पाचवा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. हातात कागद नव्हता, म्हणून पहिल्या ठिकाणी भांडताही आलं नाही. बिल असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं.

आमचा दुसरा बॉक्स वाचला. ऑइल भरलं, एक माउंटिंग बदललं आणि दोन्ही आवाज गेले. तेव्हापासून गाडीच्या डिकीत एक वही आहे. आवाज कधी येतो, उभी असताना की पळताना, गार असताना की तापल्यावर, हे जी चालवते ती लिहून ठेवते. मिस्त्रीकडे जाताना आम्ही आधी ती वही पुढे करतो.